पाच वर्षांच्या पोराला बघून मोठी माणसं का घाबरतात?

मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री आम्ही घरी ‘द ओमेन’ लावला. १९७६चा हॉलिवूडचा भयपट, ग्रेगरी पेक नायक असलेला. बघायला आई, मी आणि कॉलेजात जाणारा भाचा. चित्रपट अर्ध्यावर आला तशी भाच्याला हसू यायला लागलं. “मावशी, यात घाबरण्यासारखं काय आहे?” म्हणत त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याची आठ वर्षांची बहीण पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर आली, ती नेमकी कब्रस्तानात कुत्री अंगावर धावून येतात तेव्हाच. पुढच्या चार रात्री ती दिवा चालू ठेवून झोपली. माझ्या पोटात शेवटपर्यंत गोळा होता. आई मात्र सगळं शांतपणे बघत होती. मध्येच म्हणाली, “सगळे नुसते त्या पोराकडे बघतायत. कुणी त्याला पोटाशी का धरत नाही?”

टीव्ही एक, चित्रपट एक, आणि चौघांचं चार तऱ्हांचं बघणं. हा चित्रपट आला तेव्हापासून हेच चालू आहे. १९७६ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्याला खुळचट ठरवलं होतं, आणि त्याच वेळी अमेरिकेत थिएटरं भरत होती. सुमारे २८ लाख डॉलरांत बनलेल्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सहा कोटी डॉलरांच्या आसपास कमाई केली. असं का होतं, ते आज जरा उलगडून बघू. गोष्ट सांगितल्याशिवाय ते जमणार नाही, तेव्हा ज्यांना चित्रपट कोरा बघायचा आहे त्यांनी आधी तो बघून यावा.

आधी गोष्ट

रॉबर्ट थॉर्न हा अमेरिकेचा बडा मुत्सद्दी. रोममध्ये ६ जूनला पहाटे सहा वाजता त्याच्या बायकोला मूल होतं आणि दगावतं. हॉस्पिटलातला पाद्री त्याला गळ घालतो: याच वेळी जन्मलेलं एक बाळ आहे, त्याची आई बाळंतपणात गेली, तुम्ही घ्या, बायकोला सांगू नका. थॉर्न मान डोलावतो. बाळाचं नाव डेमियन. पुढे थॉर्न लंडनला राजदूत म्हणून येतो. डेमियनच्या पाचव्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर त्याची दाई गळफास घेते. मग नवी दाई येते, काळा कुत्रा येतो, एक पाद्री येऊन सांगतो की हे पोर सैतानाचं आहे, आणि माणसं एकेक करून मरत जातात. शेवटी बापच पोराला मारायला निघतो आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. पोर उरतं.

रिचर्ड डॉनर दिग्दर्शक, डेव्हिड सेल्टझर लेखक. डॉनर यांनी पटकथेतले उघड राक्षसी प्रकार काढून टाकले. त्यांना प्रत्येक प्रसंग असा हवा होता की तो निव्वळ योगायोग होता असंही म्हणता यावं. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

६६६ म्हणजे काय?

डेमियनच्या डोक्यावर केसांखाली ६६६ ही खूण सापडते. आपल्याकडे बऱ्याच जणांना हा आकडा टी-शर्टवरून आणि गाण्यांवरून माहीत असतो, पण त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो. बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या १३व्या अध्यायात समुद्रातून आणि जमिनीतून वर येणारी श्वापदं आहेत, आणि श्वापदाची संख्या ६६६ असल्याचं सांगितलं आहे. जगाच्या अखेरीस येणारा ख्रिस्ताचा वैरी म्हणजे ख्रिस्तविरोधक. गंमत अशी की हा शब्द प्रकटीकरणात कुठेही नाही, तो योहानाच्या पत्रांमध्ये आहे. दोन्ही गोष्टी पुढच्या पिढ्यांनी एकत्र बांधल्या.

बऱ्याच अभ्यासकांच्या मते ६६६ हे कोड्यात लिहिलेलं नाव आहे. आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीत जशी अक्षरांना आकड्यांची किंमत असते, तशी हिब्रूतही असते. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रूत ‘नेरोन केसर’ असं लिहून अक्षरांची बेरीज केली की ६६६ येते. नीरो हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे, आणि ‘नेरोन’मधलं शेवटचं ‘न’ गाळलं की बरोबर तेवढीच बेरीज येते. म्हणजे मूळ मजकूर बहुधा त्या काळच्या एका जुलमी राजाविषयी होता.

पण १९७६चा अमेरिकी प्रेक्षक हे डोक्यात घेऊन थिएटरात गेला नव्हता. त्याच्या मागे व्हिएतनामचं युद्ध होतं, वॉटरगेटचा राजकीय घोटाळा होता, पेट्रोलच्या रांगा होत्या. जगाचा अंत जवळ आल्याची भाकितं सांगणारी पुस्तकं तिकडे लाखोंनी खपत होती. चित्रपटातला पाद्री एक कविता म्हणून दाखवतो: ज्यू सियोनला, म्हणजे जेरुसलेमच्या भूमीला परततील, आकाशात धूमकेतू येईल, वगैरे. कित्येकांना ती बायबलमधलीच वाटली. ती सेल्टझर यांनी स्वतः रचलेली होती. पण लहानपणापासून चर्चमध्ये बसलेल्या माणसाच्या कानाला ती खरी लागली, आणि भीतीला तेवढं पुरतं.

माझ्या आईला यातलं काहीच लागू नव्हतं. तिच्यासाठी ६६६ हा नुसता आकडा. म्हणून तिला दिसलं ते फक्त पोर.

पोर काही करतच नाही

पुन्हा चित्रपट बघाल तेव्हा एक करा. डेमियन स्वतः काय काय करतो, ते बोटांवर मोजा. चर्चजवळ गाडी येते तेव्हा तो किंचाळतो आणि आईला ओरबाडतो. नको तिथे नेलं म्हणून आकांत करणारं पाच वर्षांचं मूल कुठल्याही लग्नघरात दिसतं. तीनचाकी सायकल गोल गोल फिरवतो. एकदा ती जोरात नेऊन आईला धडकतो, आणि उंचावर चढून कुंडीशी काहीतरी करणारी आई कठड्यावरून खाली पडते. बाकीचा वेळ तो गप्प असतो. बघतो. बस.

तरी आपल्याला त्याच्या चेहऱ्यात दुष्टपणा दिसतो. कुठून येतो तो?

शंभर वर्षांपूर्वी रशियातले दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केला. एका नटाचा भावहीन चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे सूपचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. चेहरा दर वेळी तोच. बघणारे मात्र नटाचं कौतुक करू लागले: भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं! दोन चित्रं शेजारी आली की मधला अर्थ बघणारा स्वतः भरतो. डेमियनचंही तसंच आहे. आधी लोंबकळणारी दाई, मग काळा कुत्रा, मग त्या पोराचा शांत चेहरा. त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या वाढदिवसाचा केक दाखवला असता तर आपणच म्हटलं असतं, किती गुणी बाळ आहे.

आणि ते बाळ असल्यामुळे चटका जास्त बसतो. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, टपोरे डोळे, गोबरे गाल असं काही दिसलं की माणसाला आपोआप माया वाटते. हे आपण ठरवून करत नाही. बसमध्ये अनोळखी बाळ दिसलं तरी आपण त्याच्याकडे बघून हसतोच. ‘द ओमेन’ बघताना ही माया आतून जागी होते, आणि त्याच वेळी गोष्ट सांगत असते की जवळ जाऊ नकोस. गाडी एकाच वेळी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबून चालवावी, तशी अवस्था होते. माझ्या पोटातला गोळा तो हाच असावा.

आपल्याकडच्या झपाटल्याच्या गोष्टींहून हे वेगळं आहे. झपाटलेलं मूल स्वतः निर्दोष असतं, बाहेरचं काहीतरी त्याच्यात शिरलेलं असतं, ते काढलं की मूल परत मिळतं. इथे परत मिळण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. पोर मुळातच तसं. प्रेक्षकाला सुटकेची वाट दिसत नाही.

कानातून शिरणारी भीती

जेरी गोल्डस्मिथ यांना त्यांच्या आयुष्यातलं एकमेव ऑस्कर या चित्रपटाच्या संगीतासाठी मिळालं. सुरुवातीलाच गायकवृंद लॅटिनमध्ये गातो, चर्चच्या प्रार्थनेच्या थाटात, पण स्तुती सैतानाची. आपल्या कानांसाठी कल्पना करायची तर अशी: संध्याकाळी शेजारून आरतीचा ठेका, टाळ्या, झांजा ऐकू याव्यात, चाल ओळखीची असावी, आणि कान देऊन ऐकल्यावर शब्द कुणाच्या तरी मरणाचे असावेत. काटा येईल की नाही? लॅटिन न कळणाऱ्यालाही तो येतो, कारण अनेक माणसं एका सुरात कुजबुजू लागली की शरीर आधी सावध होतं आणि डोकं मागून येतं. खात्री करायची असेल तर एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. सायकलवरचं पोर उरतं.

योगायोगांची माळ

आता मुख्य गोष्टीकडे येते. चित्रपटात एक फोटोग्राफर आहे. तो फोटो धुतो तेव्हा काहींच्या अंगावर काळपट रेघा दिसतात. आधी त्याला वाटतं, निगेटिव्हच खराब असेल. मग ती माणसं मरतात, रेघ होती त्याच जागी घाव बसून. आता तो प्रत्येक फोटोत रेघ शोधू लागतो. आपणही शोधू लागतो.

याला मानसशास्त्रात पुष्टीपूर्वग्रह म्हणतात. म्हणजे एकदा मनाने काही धरलं की त्याला पुष्टी देणारं तेवढं दिसतं, बाकीचं नजरेआड होतं. हा अवघड शब्द आता बाजूला ठेवते आणि माझ्या घरातलं सांगते.

माझी आत्या मूळ नक्षत्रावर जन्मली. ती वर्षाची व्हायच्या आत आजोबा गेले. विषमज्वराने गेले, पण घराने कारण लिहून ठेवलं ते दुसरंच. “बापाच्या मुळावर आली.” पुढे तिच्या लग्नाच्या वेळी हेच आडवं आलं, कारण मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला वाईट, असं मानणारी माणसं आजही आहेत. आत्या शहाणी, कष्टाळू, हसरी. पण घरात दूध नासलं तरी आधी तिच्याकडे बघितलं जायचं, असं आई सांगते. बघितलं जायचं, म्हणजे कुणी काही बोलायचं नाही. नुसते डोळे वळायचे.

आता हिशोब करा. नक्षत्रं २७. त्यांतलं मूळ एक. म्हणजे ढोबळमानाने दर २७ मुलांमागे एक मूल मूळ नक्षत्रावर जन्मतं. ५४ मुलांच्या वर्गात अशी दोन. जिल्ह्यात हजारो. या सगळ्यांचे बाप वर्षाच्या आत जात नाहीत, आणि ज्यांचे जातात तसेच दुसऱ्या नक्षत्रांवरच्या मुलांचेही जातात. चार खणांचं कपाट समजा. मूळ आणि मृत्यू, मूळ आणि सुखरूप, दुसरं नक्षत्र आणि मृत्यू, दुसरं नक्षत्र आणि सुखरूप. खरं-खोटं ठरवायचं तर चारही खण उघडायला हवेत. आठवण मात्र एकच खण उघडते, पहिला. त्यातलंच सांगते, तेच तोंडोतोंडी पसरतं.

‘ओमेन’ या शब्दाचा अर्थ शकुन, बहुतेकदा अपशकुन. चित्रपट आपल्याला दोन तास तो एकच खण उघडून दाखवतो. त्याच्या जाहिरातीतही हेच होतं. आज तुमच्या बाबतीत काही भीतीदायक घडलं तर विचार करा, तो अपशकुन असू शकतो, अशा अर्थाची ओळ होती. भीतीदायक काहीतरी कुणाच्याही दिवसात घडतंच. गॅस चालू राहतो, रिक्षा अंगावर येता येता वाचते. प्रेक्षक घरी गेल्यावरही चित्रपट त्याच्या दिवसात चालू राहावा, अशी ती सोय होती.

मग शूटिंगवरच्या शापाचं काय?

हा आक्षेप हमखास येतो. पेक यांच्या विमानावर वीज पडली, लेखकाच्याही विमानावर पडली, असं सांगितलं जातं. ऐकताना खरंच धस्स होतं. पण प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज पडते, असा विमान क्षेत्रातला अंदाज आहे. विमानं त्या हिशोबानेच बांधतात, आणि आतल्या बहुतेकांना पत्ताही लागत नाही. इतकी माणसं महिनोन्‌महिने दोन खंडांत ये-जा करत असतील तर त्यातल्या कुणाच्या तरी विमानावर वीज पडण्यात नवल नाही.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. चित्रपटाचे स्पेशल इफेक्ट्स करणारे जॉन रिचर्डसन यांच्या गाडीला ऑगस्ट १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये अपघात झाला आणि त्यांच्यासोबतची सहकारी गेली. ‘द ओमेन’ तोवर प्रदर्शित झाला होता, दोघं दुसऱ्याच चित्रपटाच्या कामावर होते. पुढे या अपघाताला तारीख, रस्त्यावरची पाटी, तिच्यावरचे किलोमीटर असे साज चढत गेले. मला याचा राग येतो. एक बाई रस्त्यावर गेली. तिचं मरण कुणाच्या तरी रात्रीच्या गप्पांचा मसाला झालं. आत्याच्या बाबतीत माझ्या आजोबांच्या विषमज्वराचं झालं, तेच.

मग भाच्याला हसू का आलं?

त्याला कमी समजलं असं नाही. तो मोबाइलच्या उजेडात, दिवा लावून, अधूनमधून बघत होता. हळूहळू साचत जाणारी भीती अशी बघितली की साचतच नाही. वर त्याने लहानपणापासून या चित्रपटाच्या नकला पाहिल्या आहेत: गप्प पोर, काळा कुत्रा, लॅटिन गाणं. त्याच्यासाठी नक्कल आधी आली आणि मूळ नंतर.

हसण्याचं आणखी एक कारण आहे. भीतीने छाती धडधडते, ती भीती सरली तरी लगेच थांबत नाही. पुढे जे काही वाटेल त्याला ती धडधड जाऊन चिकटते. डॉल्फ झिलमन या संशोधकांनी हे मांडलं. थिएटरात किंचाळीपाठोपाठ हशा येतो तो असा, आणि हॉररच्या खेळातून बाहेर पडताना माणसं इतकी खुशीत असतात तीही यामुळेच. काचेचा पत्रा सुटून फोटोग्राफरचं डोकं उडतं तो प्रसंग एकाच फटक्यात संपत नाही, वेगवेगळ्या कोनांतून लांबवलेला आहे. डोळे मिटून घेणारा क्षणभराने उघडतो तर अजून तेच चालू. तिथे भाचा सगळ्यात मोठ्याने हसला. हाताने मात्र उशी घट्ट धरली होती.

आणि आठ वर्षांच्या मुलीचं?

यात चूक माझी. दार लोटायला हवं होतं. लहान मुलं आणि भीतीवर अमेरिकेतल्या जोअॅन कॅन्टर यांनी बरीच वर्षं काम केलं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलं दिसण्याला घाबरतात: दात, डोळे, अंगावर येणारं जनावर. कल्पनेची भीती त्यानंतर वाढत जाते. म्हणून भाचीला सैतानाचं काही नव्हतं, तिला कुत्री पुरली, आणि मला कुत्र्यांचं काही नव्हतं. त्यांनी सहकाऱ्यासोबत केलेल्या १९९९च्या अभ्यासात जवळजवळ ९० टक्के विद्यार्थ्यांनी पडद्यावर पाहिलेली कुठली ना कुठली भीती पुढे बरीच टिकल्याचं सांगितलं. सुमारे चौघांतल्या एकाला तर वर्षानुवर्षांनंतरही ती जाणवत होती.

“ते खोटं असतं गं” असं या वयाच्या मुलाला सांगून फारसं भागत नाही. जवळ बसावं, पांघरूण, गरम दूध, दिवा हवा तर दिवा. थोड्या मोठ्यांना कसं बनवलं ते दाखवलं तर कामी येतं. पाचव्या दिवशी आम्ही सोसायटीतल्या कुत्रीला बिस्किटं घालायला गेलो.

“चित्रपटच तर आहे, एवढं काय?”

आहे, आणि उत्तम बांधलेला आहे. मी तो पुन्हा बघेन. पण त्याच्या पायाशी असलेली कल्पना जरा उचलून बघितली पाहिजे: दुसऱ्याचं मूल घरात आणलं, म्हणून घर बुडालं. दत्तक घेणाऱ्या जोडप्याला आपल्याकडे आजही विचारलं जातं, “कुणाचं रक्त, काही माहिती आहे का?” ते मूल जरा हट्टी निघालं, अभ्यासात मागे पडलं, की माणसं कपाटाचा तोच एक खण उघडतात. पोटच्या पोराने तेच केलं तर म्हणतात, वयच असतं.

डॉनर यांना प्रेक्षकाच्या मनात शेवटपर्यंत शंका हवी होती. ही शंका धरून चित्रपट बघितला तर तो एका बापाची गोष्ट होतो, जो खोटं बोलून आणलेल्या मुलाला जवळ घेऊ शकत नाही आणि मग खुणा गोळा करू लागतो. माझ्या आईने बहुधा तोच चित्रपट पाहिला. तिने आत्याला बघितलं आहे.

शेवटचं दृश्य अंत्यविधीचं. दोन शवपेट्या, लष्करी मानवंदना, आणि पाठमोरा डेमियन. तो हळूच वळतो, थेट आपल्याकडे बघतो आणि हसतो. जगभरच्या प्रेक्षकांच्या अंगावर याच हसण्याने काटा आला. ते काम करणाऱ्या हार्वे स्टीफन्सला डॉनर यांनी त्या वेळी बजावलं होतं की अजिबात हसायचं नाही. लहान मुलाला हसू नको म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याने ओठ दाबून धरले, आणि मग त्याला राहवलं नाही.

मी उशी तोंडाशी धरून बसले होते. आई म्हणाली, “बघ, किती गोड हसलं लेकरू.”